न लिहिलेली अट

नोकरी गेली तेव्हा यांचं वय एकावन्न होतं. हे, म्हणजे माझे मिस्टर, हैदराबादेत जीडीमेटलाच्या एका औषध कंपनीत तेवीस वर्षं स्टोअर्स सांभाळत होते. आलेला माल उतरवून घ्यायचा, बॅच नंबर तपासायचा, थंड ठेवायचा माल वेळेत थंड खोलीत जातोय का बघायचं, मुदत संपत आलेल्या खोक्यांना पिवळी चिठ्ठी लावायची. घरातही ती सवय सुटली नव्हती. आमच्या हिंगाच्या डबीवरसुद्धा आणल्याची तारीख पेनने लिहिलेली असायची. मग कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली, नव्या लोकांनी आपली माणसं आणली आणि एका शुक्रवारी यांच्यासकट अकरा जणांना बोलावून पत्रं दिली. यांनी ते पत्र घरी आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "वाच. इंग्रजी चांगलं आहे."

आम्ही बरकतपुऱ्यात राहतो. माझे आजोबा आणि वडील दोघंही सरकारी कचेरीत होते. यांचे वडील भालकीकडची शेती भावावर सोपवून काचीगुड्याला आले आणि धान्याच्या एका आडतीत लागले ते डोळे अधू होईपर्यंत तिथेच राहिले. दोन्ही घरांत नोकरी एकदाच लागायची. त्यामुळे एकावन्नाव्या वर्षी नोकरी शोधायची कशी, हे सांगणारं आमच्या नात्यागोत्यात कुणीच नव्हतं. मुलगी पुण्याला हॉस्टेलमध्ये, शेवटच्या वर्षाला. तिला आम्ही दोन महिने काही सांगितलं नाही.

माझी नोकरी होती. नारायणगुड्यात एका कपड्याच्या दुकानाच्या वर आमचं जाहिरातींचं ऑफिस आहे, सात माणसांचं. त्याआधी मी पंधरा वर्षं शाळेत हिंदी शिकवलं. शाळेने तुकड्या कमी केल्या तेव्हा ओळखीच्या एका बाईंनी मला तिथे नेलं. हिंदी-मराठी मजकूर लिहायला ठेवली होती, पण वर्षभरात जाहिरातीचा दुसरा अर्धा भागही माझ्याकडे आला. आता जाहिरात भिंतीवर लागत नाही, माणसाच्या फोनवर जाते. तेव्हा ती कुणाकुणाच्या फोनवर जायची हे आधी ठरवावं लागतं. ते मी ठरवायचे.

त्यात अवघड काही नसतं. स्क्रीनवर एक आडवी पट्टी असते, तिच्यावर दोन गोल ठिपके. डावा ठिपका म्हणजे कमीत कमी वय, उजवा म्हणजे जास्तीत जास्त. बोटाने ओढायचे. त्याखाली पुरुष, स्त्रिया की दोन्ही. त्याखाली गाव, पेठ, पिनकोड. हवे ते घ्यायचे, नको ते काढून टाकायचे. आपण काढलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही. त्याच्यापर्यंत ती गोष्ट पोचतच नाही, आणि असं काही होतं हेही त्याला कळत नाही.

मी लागले त्याच वर्षी एका बिल्डरचं काम आलं होतं. अंबरपेठच्या पुढे फ्लॅट बांधत होता. त्याच्या माणसाने पिनकोडची एक यादी पाठवली आणि फोनवर सांगितलं, "इतने छोड के बाकी सब को दिखाओ मैडम." ती यादी कुठल्या वस्त्यांची आहे हे हैदराबादेत वाढलेल्या कुणालाही एका नजरेत कळलं असतं. मलाही कळलं, जुन्या शहरातले मुसलमान मोहल्ले होते ते. मी एकेक आकडा टाकला, काढून टाका म्हणून खूण केली आणि चहा प्यायला उठले. मला काही वाटलं नाही. आज वाटतं म्हणून तेव्हाही वाटलं होतं असं लिहिणं बरोबर होणार नाही.

त्या जाहिरातीचं चित्र आमच्या ऑफिसातल्या मुलीने केलं होतं. जुन्या शहरातली, याकूतपुऱ्याची, पंचविशीची, हाताने फार तयार. तिचं नुकतंच लग्न ठरलं होतं आणि दोघं घर बघत होती. आठवड्याभराने डबा खाताना ती हसत म्हणाली, "मैडम, वो फ्लैट का ऐड मैं बनाई, और मेरेकूच नै दिखता. तुम्हारे फोन पे आता क्या?"

माझ्या फोनवर रोज येत होती. मी म्हटलं, "कधीकधी असं होतं. मशीन आहे."

ती "हौ" म्हणाली आणि तिने डबा बंद केला.

तर असं हे काम, आणि यांची नोकरी गेली तेव्हा ते करायला लागून मला चार वर्षं झाली होती.

पहिले काही दिवस हे सकाळी नेहमीच्या वेळी आंघोळ करून, शर्ट खोचून तयार व्हायचे. ओळखीच्यांकडे जाऊन बायोडेटा देऊन यायचे. सगळे चहा द्यायचे, "बघतो" म्हणायचे. मग कुणीतरी सांगितलं, आता सगळं फोनवर असतं, जागा निघाली की आपोआप दिसते. यांनी ते मनावर घेतलं. नोकरीच्या साइटवर नाव घातलं, फोटो काढून लावला, आणि जेवण झालं की खिडकीपाशी खुर्ची ओढून फोन बघत बसायचे. स्टोअर्समध्ये रजिस्टर तपासायचे तसेच, वरून खाली, काही न गाळता.

फोनवर यांना काय दिसायचं ते मी कामावरून आल्यावर बघत असे. गुडघ्याचं तेल. ऐकू येण्याचं यंत्र. पन्नाशीनंतरचा विमा. शमशाबादकडे कुठेतरी ज्येष्ठांसाठी बांधलेली घरं, त्यात एक पांढऱ्या केसांचं जोडपं हातात हात घालून हिरवळीवर चाललेलं. घरबसल्या टायपिंगचं काम, ज्यात आधी पैसे भरायचे असतात. सुरुवातीला हे त्यावर विनोद करायचे. "गुडघे चांगले आहेत माझे," म्हणायचे, "पण हा रोज विचारतो." पुढे विनोद थांबले. एकदा मला म्हणाले, "आमच्या लाइनीत सध्या जागाच निघत नाहीयेत वाटतं. मंदी आहे."

ऑफिसात त्या महिन्यात आमच्याकडे तीन कंपन्यांच्या भरतीच्या जाहिराती चालू होत्या.

चौथी आली ती मेडचलच्या पुढच्या एका गोदामाची. औषधं आणि दवाखान्याचं सामान साठवून दुकानांना पोचवणारी कंपनी. त्यांना स्टोअर इन्चार्ज हवे होते, सहा जागा. कामाचं वर्णन त्यांनी पाठवलं ते मी वाचलं. माल उतरवून घेणे, बॅच तपासणे, थंड खोलीची नोंद, मुदतीचा माल वेगळा काढणे. वाचताना मला आमच्या हिंगाच्या डबीवरचं यांचं अक्षर दिसत होतं.

मजकूर मीच लिहिला. हिंदीत वरची ओळ होती, 'आपके अनुभव की यहाँ क़द्र है.' तेलुगूतली सरांनी करून घेतली. सर म्हणजे आमचे मालक, चाळिशीचे, शांत, आवाज न चढवणारे. मजकूर गेल्यावर त्या कंपनीच्या भरती बघणाऱ्या बाईंचा फोन आला. छान बोलत होत्या. म्हणाल्या, "टीम यंग आहे आमची. तेवीस ते पस्तीस ठेवा. आणि फक्त पुरुष, गोदाम लांब आहे ना."

"मजकुरात वय लिहायचं का?" मी विचारलं.

"नाही नाही, लिहू नका. बरं दिसत नाही ते."

मी पट्टी उघडली. उजवा ठिपका पासष्टच्या पुढे होता, तो ओढत ओढत पस्तिसावर आणला. तेव्हा मला यांची आठवण झाली नव्हती असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. झाली होती. ठिपका पन्नासच्या खाली सरकला तेव्हाच झाली, आणि तरी माझं बोट थांबलं नाही. काम होतं, सांगितलं होतं, शेजारी सर उभे होते. जाहिरात सुरू झाली.

दीड दिवस मी तसाच काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे खिडकीशी बसलेले बघून राहवेना. मी जाहिरातीची लिंक यांच्या फोनवर पाठवली आणि स्वयंपाकघरात गेले.

हे मागोमाग आले. चेहरा किती दिवसांनी उजळला होता. "अगं, हे तर माझंच काम आहे. शब्दन् शब्द. ही मला का नाही दिसली?"

"नवीन असेल. आजच आली असेल."

"तुला कुठे मिळाली?"

"ऑफिसात कुणीतरी दाखवली," मी म्हटलं आणि कुकरकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास यांचा ऑफिसात फोन आला. अर्ज भरत होते. "दहावी पास झाल्याचं साल विचारलंय. यादी दिलीय निवडायला. ती वर सरकतच नाहीये."

"म्हणजे?"

"माझं साल येईपर्यंत जातच नाही. पंधरा-वीस वर्षांपाशी थांबते. माझा फोन जुना आहे, त्याचं काही असेल. तू तुझ्याकडून बघ बरं."

मी बघितलं. यादी तिथेच संपत होती. फोनचं काही नव्हतं. मी म्हटलं, "शेवटचं साल टाकून द्या आत्ता. नंतर सांगता येईल."

"खोटं साल कसं टाकू? उद्या सर्टिफिकेट मागितलं तर?" मग हे म्हणाले, "जाऊ दे, मीच जाऊन येतो. पत्ता दिलाय. समोर माणूस बघितला की फरक पडतो."

मी जाऊ नका म्हणायला हवं होतं. का जाऊ नका हे सांगावं लागलं असतं, म्हणून नाही म्हटलं.

शनिवारी सकाळी हे गेले. इस्त्रीचा निळा शर्ट, जुन्या कंपनीने वीस वर्षं झाली तेव्हा दिलेलं घड्याळ, हातात सर्टिफिकेटांची फाईल. बरकतपुऱ्याहून सिकंदराबाद, तिथून मेडचलची बस, पुढे शेअर ऑटो. मला त्या दिवशी अर्धी सुट्टी होती. दोन वाजता मी घरी आले तेव्हा हे आधीच येऊन बसले होते. शर्ट बदललेला नव्हता. पानं घेऊन ठेवली होती, पण जेवले नव्हते.

जेवताना सगळं सांगितलं. फाटकावर अडवलं नाही. आत एका लांब बाकावर आठ-नऊ मुलं बसली होती, मुलाखतीला. यांना बघून त्यातल्या एकाने उठून जागा दिली. त्याला वाटलं, मुलाखत घेणारे साहेब आले. यांनी सांगितलं की मीही त्याचसाठी आलोय, तेव्हा तो ओशाळला. मग गप्पा झाल्या. यांनी सहज विचारलं, तुम्हाला कसं कळलं या जागेचं? एकजण म्हणाला, "फोन पे आया अंकल, ख़ुद से." दुसरा म्हणाला, मलाही. तिसऱ्याला तर दिवसातून चारदा येत होती, कंटाळला होता तो. सगळ्यांना आपोआप आली होती. त्यातल्या दोघांनी औषधाच्या मालाला कधी हात लावला नव्हता. आपल्याला थंड खोलीचं काय विचारतील, हे त्यांनी यांनाच विचारून घेतलं आणि यांनी सांगितलं.

"मग तुम्हाला आत बोलावलं?"

"बोलावलं की. एक पोरगा होता टेबलाशी, आपल्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठा. पाणी दिलं. फाईल बघितली. म्हणाला, अंकल, तुमचा अनुभव फार मोठा आहे, ही जागा तुमच्यासाठी लहान आहे. मी म्हटलं, मला चालेल. तो म्हणाला, सिस्टिममध्ये तुमचा अर्ज दिसत नाही, ऑनलाइन आल्याशिवाय मला पुढे घेता येत नाही. मी म्हटलं, ऑनलाइन माझं साल येत नाही. तो हसला. वाईट नाही हसला. त्यालाही माहीत नव्हतं बहुतेक काय बोलावं."

मग यांनी पान बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघितलं. "त्या सगळ्या मुलांना आपोआप आली. मला तू पाठवलीस. तुझ्या ऑफिसात ती कुणी दाखवली?"

मी सांगितलं. ती आमच्याच ऑफिसची आहे म्हटलं. मजकूर माझा आहे. वय त्यांनी सांगितलं, मी लावलं.

हे ओरडतील असं मला वाटत होतं, निदान उठून जातील. हे बसून राहिले. बराच वेळ बोटाने ताटातलं मीठ सारखं करत राहिले. मग म्हणाले, "कसं लावतात, मला दाखव."

"आता कशाला?"

"दाखव ना. मी काही म्हणत नाही तुला."

मी लॅपटॉप आणला. हे चष्मा लावून शेजारी बसले. मी नवी कोरी जाहिरात उघडली आणि पट्टी दाखवली. दोन ठिपके. यांनी उजव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा एवढा इकडे ओढला की मी गेलो?"

"हो."

"आणि इकडे आणला की मी आलो?"

"हो."

"याला वेगळे पैसे पडतात?"

"नाही."

यांनी तो ठिपका चार-पाच वेळा मागेपुढे केला. "चार महिने मी समजत होतो," हे म्हणाले, "की जागाच निघत नाहीयेत. मंदी आहे म्हणून वाट बघत होतो." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "असं आणखी कुणाकुणाला काढलंस तू?"

तेव्हा मला डबा बंद करणारी ती मुलगी आठवली, आणि बाया आठवल्या, ज्यांना मी गोदाम लांब आहे म्हणून काढलं होतं, आणि ज्यांची तोंडं मी कधी बघितली नाहीत असे कितीतरी. मोजता येण्यासारखं नव्हतं. यांनी उत्तराची वाट बघितली नाही. ताटं उचलून मोरीत नेऊन ठेवली आणि शर्ट बदलायला गेले.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी त्या गोदामाच्या जाहिरातीचा ठिपका ओढून टोकाला नेला. पुरुष काढून दोन्ही केलं. कुणाला सांगितलं नाही.

दुपारपासून फोन यायला लागले. चौकशीसाठी आमच्या ऑफिसचा एक वेगळा नंबर होता आणि तो माझ्याच टेबलावर वाजायचा. मलकाजगिरीहून एक बाई, नवरा वारलेला, सात वर्षं मेडिकलच्या दुकानात काम केलेलं, लेडीजना घेतात का विचारत होती. सिकंदराबादहून एक गृहस्थ, रेल्वेच्या स्टोअर्समधून लवकर निवृत्ती घेतलेले, तेलुगूत बोलत होते. त्यांनी अगोदर सगळी माहिती नीट विचारून घेतली, बस कुठून मिळते तेसुद्धा. शेवटी म्हणाले, "अम्मा, वयाची काही अट आहे का? आधी सांगितलंत तर बरं, हेलपाटा वाचेल."

मी म्हटलं, "लिहिलेली नाही."

त्यांनी माझे आभार मानले. ते गेले असतील का, बाकावर बसले असतील का, त्यांना कुणी पाणी दिलं असेल का, मला माहीत नाही. त्या दोन दिवसांत मी तेच उत्तर पंचवीसेक लोकांना दिलं. आपण त्यांचं भलं करतोय असं मला पहिल्या दिवशी वाटत होतं. दुसऱ्या दिवशी कळलं की मी त्यांना फक्त मेडचलपर्यंत पाठवतेय.

बुधवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. त्या कंपनीच्या बाईंचा फोन आला होता. गुडघ्याला तेल लावणारे लोक येतायत, असं त्या म्हणाल्या होत्या म्हणे. सर तेवढं सांगताना खाली बघत होते. त्यांना माझ्या घरचं माहीत होतं.

"मॅडम, चुकून झालं ना?"

"नाही सर."

"मला कळतं," ते म्हणाले. "पण आपण नाही केलं तर समोरच्या गल्लीतला करेल. मला सात घरं चालवायची आहेत."

"निदान वय लिहू द्या त्यांना मजकुरात. लोकांना कळेल तरी."

"लिहिणार नाहीत. लिहिलं की त्यांचं नाव खराब होतं." त्यांनी माझ्या देखत स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठिपका पस्तिसावर आणून ठेवला. पुढच्या आठवड्यापासून भरतीच्या आणि घरांच्या जाहिराती माझ्याकडून काढून घेतल्या. आता मी साड्यांची दुकानं आणि शिकवणी वर्ग बघते. पगार तोच राहिला. ते सगळं काम आता ती याकूतपुऱ्याची मुलगी करते.

ते काम तिच्याकडे जायच्या आदल्या दिवशी मी तिला जिन्यात थांबवलं आणि फ्लॅटच्या जाहिरातीचं सांगितलं. पिनकोड मीच काढले होते, मशीनचं काही नव्हतं, हे सांगितलं. माफ कर म्हटलं.

"मालूम था मैडम," ती म्हणाली. "उसी दिन मैं तुम्हारा कंप्यूटर देख ली थी. तुम चाय पीने गए थे."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोल के क्या करती? काम करना था ना यहाँ." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. लग्नानंतर ती दोघं तिच्या सासरीच राहिली, वरच्या खोलीत. घर बघणं त्यांनी सोडून दिलं होतं. ती मला अजूनही मॅडमच म्हणते, डबा खायला मात्र आता आपल्या टेबलावरच बसते.

यांना काम मिळायला आणखी सात महिने गेले. फोनवरून नाही मिळालं. अंबरपेठच्या बाजारात औषधांच्या होलसेलचं एक छोटं दुकान आहे, त्याच्या मालकाचे वडील यांना जुन्या कंपनीपासून ओळखत होते. मालक तिशीचा आहे. हे मागच्या बाजूला, फळ्यांच्या मधल्या अरुंद जागेत, माल लावतात आणि मुदती बघतात. पूर्वी यांच्या हाताखाली चौदा माणसं होती. आता पिवळ्या चिठ्ठ्या हे स्वतःच कापतात, चहाची किटलीही धुतात. मालक यांना अंकल म्हणतो आणि नीट वागतो.

गेल्या महिन्यात मी एकदा ऑफिसातून परस्पर तिकडे गेले होते. मालकाने खुर्ची दिली. मी काय काम करते हे यांनी सांगितलेलं असावं, कारण तो लगेच म्हणाला, "मैडम, डिलिवरी के वास्ते एक आदमी होना. बंडी, स्कूटर-वूटर, है उसके पास तो अच्छा. एक ऐड डाल देते क्या तुम?"

हे मागे खोकं उघडत होते. हात थांबले.

"वय?" मी विचारलं.

"तीस के अंदर. ज़्यादा उम्र वाले नक्को, गाड़ी पे माल होता."

मी यांच्याकडे बघितलं. हे पुढे आले, काउंटरवर हात टेकून मला मराठीत म्हणाले, "टाकून दे. पण वय वरच लिही, ठळक. म्हणजे माणूस उगाच बस पकडून येणार नाही."

मी तिथेच कागदावर हिंदीत मजकूर लिहिला आणि दुसऱ्या ओळीत, तीस वर्षांच्या आतील. मालकाने वाचला आणि तोंड वाकडं केलं. "ये उमर वाली लाइन निकाल दो मैडम. पढ़ने में अच्छा नै लगता, दुकान का नाम है. तुम बस उतने लोगों कोच दिखाओ. होता ना वैसा?"

"होतं," मी म्हटलं. "पण ते मी करत नाही आता."

तो वाईट मानून घेणारा नाही. "कोई बात नै," म्हणाला, फोन काढला आणि तशीच जाहिरात टाक म्हणून मेहुण्याला सांगितलं. आम्ही तिथे असतानाच त्याचं काम झालं असावं, कारण त्याने फोन खिशात टाकला आणि मला चहा विचारला. मी चहा घेतला. हे मागे गेले आणि उघडलेल्या खोक्यातल्या बाटल्या एकेक करून उजेडात धरून त्यांवरच्या तारखा वाचायला लागले.